मंजूर, उचल आणि पोच

ठाणे जिल्ह्यातील एका महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मी एकोणतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली शेवटची काही वर्षे माझ्याकडे उद्भव व करारनाम्यांचे टेबल होते. नदीतून किती पाणी उचलण्याचा आपल्याला हक्क आहे, प्रत्यक्षात किती उचलले, त्याचे बिल किती आले आणि त्यावर आपली हरकत काय, एवढ्यापुरता त्या टेबलाचा व्याप होता. नळाला पाणी आले नाही म्हणून हंडे घेऊन येणारा मोर्चा वितरणाच्या अभियंत्याकडे जाई. माझ्याकडे फक्त बिले आणि पत्रे येत. त्यामुळे विभागात हे टेबल आरामाचे समजले जाई, आणि २०१५ च्या ऑगस्टपर्यंत माझाही समज तोच होता.

त्या वर्षी जूनमध्ये एकदा मुंबई-ठाणे तुंबवून गेलेला पाऊस पुढे पाहिजे तसा परतलाच नाही. आदल्या वर्षीचा मोसमही तुटीचाच गेला होता. नौपाड्यातल्या घरातून सकाळी निघताना मी वर्तमानपत्रातली धरणसाठ्याची चौकट पाहत असे. इतरांसाठी ती बातमी होती, माझ्यासाठी ते येणाऱ्या मे महिन्याचे वेळापत्रक होते. गणपतीच्या सुट्टीनंतर आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी मला बोलावले आणि विचारले, "आपले मंजूर पाणी किती, आपण उचलतो किती आणि लोकांपर्यंत पोचते किती, हे तीन आकडे एका कागदावर द्याल का?" मी संध्याकाळपर्यंत देतो म्हणालो. त्यातले पहिले दोन आकडे खात्रीने देता यायलाच मला डिसेंबर उजाडला.

आमचे पाणी उल्हास नदीचे. पावसाळ्यात ही नदी आपल्या मर्जीने वाहते, पण फेब्रुवारीनंतर तिच्यात जे पाणी दिसते ते बहुतांशी कोणीतरी हिशेबाने सोडलेले असते. टाटांच्या आंध्रा धरणाचे पाणी कर्जतजवळच्या भिवपुरी वीजगृहात वीज तयार करून उल्हासच्या खोऱ्यात उतरते. हे वीजगृह १९२२ पासून चालू आहे. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी, म्हणजे टाटांनी ते सह्याद्रीच्या डोंगरातून पश्चिमेकडे वळवले नसते तर हे पाणी भीमेला जाऊन मिळाले असते. दुष्काळ पडला की घाटापलीकडून या पाण्याची आठवण काढली जाते आणि ती अगदीच गैर आहे असे मला कधी वाटले नाही. दुसरा आधार एमआयडीसीच्या बारवी धरणाचा. त्याची उंची वाढवण्याचे काम तेव्हा पूर्णपणे वापरात आलेले नव्हते. वाढीव उंचीपर्यंत ते पहिल्यांदा भरले २०१९ मध्ये. या दोन धरणांच्या जिवावर जांभूळला एमआयडीसी, मोहन्याला कल्याण-डोंबिवली आणि शहाडला स्टेम ही परिसरातल्या शहरांना पाणी पुरवणारी संस्था आपापले पंप चालवतात आणि त्यांच्यापुढे ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर, उल्हासनगर अशी शहरे तोंड उघडून बसलेली असतात. ठाणे शहराला याखेरीज भातसा नदीवर पिसे येथून स्वतःच्या योजनेचे पाणी मिळते आणि मुंबई महापालिकेकडूनही काही हिस्सा मिळतो. आमच्या महापालिकेला एवढे भाग्य नव्हते. उन्हाळ्यातली उल्हास नदी म्हणजे वेळापत्रकावर चालणारा कालवा, आणि त्या कालव्यावरचे आम्ही एक गिऱ्हाईक.

या पाण्याचे वर्ष १५ ऑक्टोबरला सुरू होते. त्या तारखेला धरणात जो उपयुक्त साठा असेल तो मोजायचा, त्यातून बाष्पीभवन वजा करायचे, आणि उरलेले पाणी पुढच्या १५ जुलैपर्यंत पुरेल अशा बेताने पिण्यासाठी, उद्योगांसाठी आणि शेतीसाठी वाटायचे, अशी आपल्याकडची रीत आहे. गणित तसे शाळकरी आहे. दिवसाला १०० दशलक्ष लिटर उचल धरली तर १५ ऑक्टोबर ते १५ जुलै या २७४ दिवसांत (२०१६ हे लीप वर्ष होते) २७.४ दशलक्ष घनमीटर पाणी लागते. खरी अडचण पुढे येते. धरणातून सोडलेले पाणी चाळीस-पन्नास किलोमीटर नदीच्या पात्रातून येते आणि वाटेत वाळू, ऊन आणि काठावरच्या मोटारी आपापला वाटा काढून घेतात. त्यामुळे खाली पंपापाशी १०० हवे असेल तर वर १०० सोडून भागत नाही.

पाटबंधारे विभागाच्या ठाण्यातील कार्यालयात झालेल्या बैठकीचा तक्ता माझ्या अजून लक्षात आहे. प्रत्येक संस्थेच्या नावापुढे दोन रकाने होते, एक मंजूर कोट्याचा आणि दुसरा प्रत्यक्ष उचलीचा. आमच्या नावापुढे दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच मोठा होता. बैठकीत सर्वांच्या देखत विचारणा झाली की, तुम्ही मंजुरीपेक्षा जास्त पाणी कोणत्या अधिकारात उचलता? आमच्या साहेबांनी लोकसंख्या वाढल्याचे नेहमीचे उत्तर दिले. मी मात्र त्या तक्त्याकडे पाहून मनात वेगळाच हिशेब करत होतो. तुटीमुळे येऊ घातलेली पाणीकपात मंजूर कोट्यावर लागणार होती. समजा मंजूर १०० आणि उचल ११२ असेल, तर १४ टक्के कपातीनंतर हातात ८६ उरतात. म्हणजे कागदावर १४ टक्के दिसणारी कपात शहराला २३ टक्के पडते. शिवाय मंजुरीपेक्षा जास्त उचललेल्या पाण्याला दरही चढा लागतो, आणि तो आम्ही कित्येक महिने निमूटपणे भरत आलो होतो.

परतताना गाडीत मी साहेबांना विचारले की, हा उचलीचा आकडा आला कुठून? उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होते. जॅकवेलवरचा, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीवरचा, पाणी मोजणारा फ्लोमीटर बंद पडून बराच काळ लोटला होता आणि मीटर बंद असला की बिल पंपाच्या तासांवर निघते. पंपाच्या पाटीवर लिहिलेली क्षमता गुणिले पंप चाललेले तास, एवढे सोपे सूत्र. पण पाटीवरची क्षमता पंप नवा असतानाची असते. गढूळ पाणी ओढून ओढून आतले पाते झिजते, आणि तरीही पाटीवरचा आकडा वर्षानुवर्षे तोच राहतो.

प्रत्यक्ष मोजून पाहू या, असे मी सुचवले तेव्हा विभागात कोणालाच उत्साह वाटला नाही. हिशेबनीस म्हणाले, चालू असलेले बिल कशाला उकरता. एका वरिष्ठांची भीती याहून खोल होती: मोजणीत उचल कमी निघाली तर पुढच्या वर्षी मंजूर कोटाही तेवढाच करतील, मग वाढत्या शहराला पाणी कुठून आणायचे? ही भीती खुळी नव्हती. पाण्याचा हक्क वापरला नाही तर तो दुसऱ्याकडे वळू शकतो, म्हणून प्रत्येक महापालिका आपला आकडा फुगवून ठेवते, आणि सगळ्यांनीच फुगवल्यामुळे ऑक्टोबरच्या बैठकीत कोणाच्याच आकड्यावर कोणाचा विश्वास नसतो. शेवटी कार्यकारी अभियंत्यांनी तोंडी परवानगी दिली. लेखी आदेश काही निघाला नाही.

दिवाळीनंतरच्या एका रात्री आम्ही जलशुद्धीकरण केंद्रावर गेलो. बरोबर आमचे चावीवाले होते, ज्यांना सगळा विभाग तात्या म्हणत असे. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला हा माणूस शहरातला प्रत्येक व्हॉल्व्ह किती आट्यांत बंद होतो ते नकाशा न पाहता सांगे. युक्ती जुनीच होती. शुद्ध पाण्याची जमिनीखालची गोल टाकी २० मीटर व्यासाची होती, म्हणजे तिच्यात पाणी एक सेंटिमीटर चढले की ३,१४० लिटरची भर पडली असे समजायचे. मध्यरात्रीनंतर शहराकडे जाणारे पंप थांबवायचे, फिल्टर धुणे बंद ठेवायचे, नदीवरचा एकच पंप चालवायचा आणि अर्ध्या तासात टाकीत पाणी किती चढते ते टेपने मोजायचे.

टाकीच्या झाकणातून टेप खाली सोडून मी पालथा पडलो होतो आणि तात्या विजेरी धरून उभे होते. टेपच्या टोकाला आम्ही नट बांधला होता, तरी पाण्याला टेकताना टेप हलत असे, म्हणून तात्यांनी टेपच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासून दिला. टेप वर ओढला की ओला खडू जिथे संपतो तो आकडा वाचायचा. दीड वाजता पहिली नोंद, दोन वाजता दुसरी. अर्ध्या तासात पाणी ७५ सेंटिमीटर चढले होते. मी मोबाइलवर गुणाकार केला आणि चुकला असेल म्हणून पुन्हा केला. तासाला ४७१ घनमीटर. पंपाच्या पाटीवर ६०० लिहिलेले होते. आम्ही आणखी दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा फरक एखाद्या सेंटिमीटरचाच निघाला. तात्या म्हणाले, "साहेब, म्हणजे इतकी वर्षे आपण न उचललेल्या पाण्याचे पैसे भरले म्हणायचे." मी मान डोलावली.

पहाटेपर्यंत आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती पैशांपेक्षा मला जास्त लागली. दरवर्षी आमच्या अहवालात हिशेबबाह्य पाण्याचा, म्हणजे उचललेल्या पण पुढे हिशेब न लागणाऱ्या पाण्याचा, मोठा टक्का दिसे आणि आम्ही तो जुन्या वाहिन्यांच्या गळतीच्या नावावर टाकत असू. गळती होतीच, चोरीच्या जोडण्याही होत्या. पण त्या टक्क्यातला बराचसा भाग वाहिनीतून गळालेला नव्हताच. ते पाणी नदीतून उचललेच गेले नव्हते. न उचललेले पाणी शोधण्यासाठी आम्ही रस्ते खोदत होतो.

त्यानंतरची कागदोपत्री कामे रुक्ष होती आणि ती थोडक्यात सांगितलेलीच बरी. पाटबंधारे विभागाला संयुक्त मोजणीची विनंती केली. त्यांचे कनिष्ठ अभियंता बाहेरून लावायचा अल्ट्रासोनिक मीटर घेऊन आले, पंचनामा झाला, आमची आणि त्यांची मोजणी जवळजवळ जुळली आणि डिसेंबरमध्ये आमची उचल मंजूर कोट्याच्या आत असल्याचे मान्य झाले. जुन्या बिलांचा वाद पुढे बरीच वर्षे चालला. जॅकवेलवर नवा फ्लोमीटर बसला. मंजूर आणि उचल हे दोन आकडे तरी आता आमच्या हातात होते.

तिसरा, पोचीचा आकडा शहरात हिंडूनच मिळणार होता. तोवर साठवण म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे धरण येई. पण ज्या दिवशी नदीवरचा उपसा बंद असेल त्या दिवशी शहराला आधार फक्त आपल्या जलकुंभांचा असतो, आणि ते एका दिवसाचीही गरज भागवत नाहीत. जानेवारीत आम्ही प्रत्येक जलकुंभावर चढून पाहिले. कागदावर २० लाख लिटरचा असलेला एक जलकुंभ अर्ध्यावरच भरला जात असे, कारण वरच्या भागात भिंत पाझरत होती आणि कोण्या जुन्या अभियंत्याने ओव्हरफ्लोचा नळ खाली आणून प्रश्न मिटवला होता. दुसऱ्याच्या तळाशी गुडघाभर गाळ होता. गाळ काढणे, पाझर बुजवणे आणि ओव्हरफ्लो पुन्हा जागेवर नेणे, एवढ्या कामातून जी साठवण परत मिळाली तिच्यासाठी नवा जलकुंभ बांधायला आम्हाला दोन वर्षे आणि मोठी निविदा लागली असती. दुर्दैवाने अशा दुरुस्तीचे उद्घाटन करता येत नाही.

सार्वजनिक विहिरीही साफ केल्या. निर्माल्य, गणपतीच्या मूर्तींचे तुकडे, प्लास्टिक आणि एकीत चक्क शिवणयंत्राचा सांगाडा निघाला. त्यांचे पाणी पिण्याजोगे नव्हते, पण धुण्याभांड्यांना चालण्यासारखे होते, म्हणून तसे फलक लावून ते खुले केले. विंधनविहिरींवर मात्र माझा भरवसा कधीच नव्हता. नगरसेवकांच्या आग्रहाखातर ज्या घेतल्या गेल्या त्यातल्या खाडीच्या बाजूच्या बहुतेक मार्च संपेपर्यंत मचूळ झाल्या.

कपात सुरू झाली तेव्हा आठवड्यातून एक दिवस पुरवठा बंद ठेवायचे ठरले. सातातला एक दिवस म्हणजे १४ टक्के, असा तो हिशेब. पहिल्याच आठवड्यात कळले की हा हिशेब नदीवर जुळतो, शहरात जुळत नाही. चोवीस तासांनी पंप चालू झाले की आधी रिकाम्या वाहिन्या भरतात, मग सखल भागातल्या मोठ्या सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या पाणी ओढून घेतात, आणि टेकडीच्या उतारावरच्या वस्तीला पाणी पोचायला दुसरा दिवसही मावळतो. एका दिवसाचा बंद तिथे अडीच दिवसांचा होत होता. शिवाय सोसायट्या आदल्या रात्री टाक्या काठोकाठ भरून घेत, त्यामुळे एकूण बचतही अपेक्षेएवढी होत नव्हती. ज्याच्याकडे टाकी आहे त्याला कपात जाणवत नव्हती आणि ज्याच्याकडे दोन पिंपे आहेत त्याला ती दुप्पट सोसावी लागत होती.

उपाय तात्यांच्या डोक्यातून निघाला. बंद संपल्यावर पाणी नेहमीच्या क्रमाने न सोडता उलट्या क्रमाने सोडायचे: सखल भागाचा मुख्य व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवायचा, टेकडीचा जलकुंभ आधी भरून घ्यायचा आणि मगच खालचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. पूर्ण बंद ठेवला तर वाहिनीत हवा कोंडते आणि सांधे फुटतात, म्हणून तीन आटे उघडा ठेवायचा. पहिल्या रात्री मी स्वतः त्या खड्ड्याशी उभा होतो. तात्यांनी लोखंडी चावी स्पिंडलवर बसवली, दोन्ही हातांनी फिरवत मोठ्याने आटे मोजले आणि तिसऱ्यावर थांबून चावीच्या दांड्याला कान लावला. पाणी किती जाते ते त्यांना तिथे ऐकू येत असे. "जरा जास्त होतंय," असे म्हणून त्यांनी पाव आटा मागे घेतला. नदीवर नवा कोरा फ्लोमीटर आकडे दाखवत होता, आणि शहराची वाटणी त्या पाव आट्यावर चालली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडीवर पाणी आले. त्याच दुपारी सखल भागातून फोन सुरू झाले. एका लोकप्रतिनिधींनी मला विचारले की, आमच्या प्रभागातले लोक पाणीपट्टी भरत नाहीत का? मी त्यांना त्यांच्या प्रभागातल्या आणि टेकडीवरच्या दिवसाच्या पाण्याचे आकडे दाखवले. त्यांनी ते नीट वाचले, हेही मला मान्य केले पाहिजे, आणि जाताना एवढेच म्हणाले की, हा कागद बाहेर जाऊ देऊ नका. माझ्या मते तो कागद प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या दारावर लावायला हवा होता. माणशी १३५ लिटर हे शहरांसाठीचे प्रमाण सगळ्यांना ठाऊक असते, पण आपल्याला माणशी किती मिळते आणि शेजाऱ्याला किती, हे कोणी विचारत नाही, म्हणूनच सरासरी काढून सगळे झाकता येते.

एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी पोचल्याची बातमी मी कार्यालयात वाचली, त्याच दिवशी दुरुस्त झालेल्या त्या २० लाखांच्या जलकुंभाची पाणीपातळी माझ्या टेबलावर आली होती. रेल्वेने नेलेल्या पाण्याच्या चौपट पाणी आमच्या त्या एका जलकुंभात मावत होते, आणि इतकी वर्षे त्यातली निम्मी जागा आम्ही एका ओव्हरफ्लोच्या नळापायी रिकामी ठेवली होती. त्या दिवशी डबा खाताना मी कोणाशी फारसे बोललो नाही.

पुढे कपात वाढली आणि आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस बंद आला. उलटा क्रम तोपर्यंत अंगवळणी पडला होता, तरी मे महिना कठीणच गेला. लग्नसराईत टँकरच्या चिठ्ठ्यांवरून भांडणे झाली, एका रात्री मुख्य वाहिनी फुटली आणि वाचवलेल्या पाण्यातले बरेचसे रस्त्यावरून खाडीत गेले. मान्सून केरळात ८ जूनला आला आणि आमच्याकडे यायला तिसरा आठवडा उजाडला. १५ जुलैला मी नदीवरच्या मीटरची नोंद वहीत उतरवली. नऊ महिन्यांची एकूण उचल कपात धरून ठरलेल्या आकड्याच्या किंचित आत होती. वहीच्या त्या पानावर तात्यांनीही हौसेने सही केली, खरे तर त्या सहीची गरज नव्हती.

सप्टेंबरमध्ये पुढच्या वर्षाचे मागणीपत्र तयार करायची वेळ आली. मी मोजलेली उचल आणि त्यावर लोकसंख्यावाढीची माफक भर असा आकडा लिहून मसुदा वर पाठवला. तो परत आला तेव्हा माझ्या आकड्यावर लाल शाईने रेघ होती आणि शेजारी त्यापेक्षा बराच मोठा, दोन शून्यांनी संपणारा गोल आकडा होता. समासात लिहिले होते, "गतवर्षीप्रमाणे". मी माझी टिप्पणी जोडून मसुदा पुन्हा वर पाठवला आणि पत्र शेवटी त्या गोल आकड्यानेच गेले. त्या पावसाळ्यात वीज पडून जॅकवेलवरच्या मीटरचा पडदा काळा पडला होता, दुरुस्तीचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर होता, आणि ऑक्टोबरचे बिल पुन्हा पंपाच्या तासांवर आले.